गुलाबी चष्मा आणि चुलीचा धूर

गेल्या वैशाखात आमच्या घरात एक भांडण झाले. आवाज कोणाचा चढला नाही, ताटावरून कोणी उठले नाही. कारण हल्ली भांडणेसुद्धा मोबाइलवर होतात आणि भांडणारी माणसे चार गावी असतात. निमित्त होते आमच्या कोकणातल्या घराचे. दापोलीच्या पलीकडे एका लहानशा गावात आमचे कौलारू घर आहे. ओटी, पडवी, माजघर, मागे परस आणि परसात विहीर. वडील गेले तेव्हापासून, म्हणजे १९९४ पासून, त्याला कुलूप आहे. मुंबईचे एक गृहस्थ ते विकत मागत आहेत. विकायचे की डागडुजी करून ठेवायचे, असा प्रश्न दादाने कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला.

त्या रात्री जागून मी एक लांबलचक पत्रच लिहिले. पहाटेचा रहाटाचा आवाज, उन्हाळ्यात ओटीवर ओळीने झोपणारी आम्ही पंधरा मुले, चुलीत भाजलेल्या काजूबिया, थोरल्या आत्याच्या हातचे आमसुलाचे सार, पहिल्या पावसाचा वास. शेवटी लिहिले : 'ते दिवस पैशांत मोजता येणार नाहीत. घर विकू नये. उलट आईला पुन्हा तिच्या घरी नेऊन ठेवू. शेवटचे दिवस तरी तिला तिथे सुखाचे जावोत.' लिहिताना माझेच डोळे भरून आले. ताईने अंगठा पाठवला (हल्ली त्याचा अर्थ शाबासकी असा होतो), वहिनींनी हात जोडले. आणि मग लंडनला असलेल्या माझ्या पुतण्याचे एका ओळीचे उत्तर आले : 'काका, छान लिहिलंय, पण तुम्ही रोझ-टिंटेड ग्लासेसमधून बघताय.'

मी चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. या पुतण्याला 'टेन्स' मीच शिकवले. 'पुढील वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न मी हजारो मुलांना घातला असेल. पण कोणी आपलाच वाक्यात उपयोग केला की कसे वाटते, ते त्या रात्री प्रथमच कळले. दोन दिवस मी गटावर काही लिहिले नाही. तिसऱ्या दिवशी शिक्षकाची जुनी खोड जागी झाली आणि तोच प्रश्न मी स्वतःला घातला. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा.

आधी अर्थ. रोझ-टिंटेड ग्लासेस म्हणजे गुलाबी छटेच्या काचांचा चष्मा. इंग्लंडात 'टिंटेड' म्हणतात, अमेरिकेत 'कलर्ड'. तो डोळ्यांवर चढवला की गोष्ट असते त्याहून साजरी दिसते. हा चष्मा केवळ गतकाळासाठीच असतो असे नाही. होऊ घातलेली सून, नवी नोकरी, नवा राजकीय पक्ष, यांच्याकडेही माणसे तो लावून बघतात. पण त्याचा सर्वात जास्त वापर होतो मागे वळून पाहताना. फ्रेंचांकडेही आयुष्य गुलाबी दिसण्याची भाषा आहे; एडिथ पियाफच्या १९४०च्या दशकातल्या एका गाण्याने ती जगभर पोचवली. पण त्या गाण्यात ते प्रेमात पडल्याचे लक्षण आहे, त्यात दोष नाही. इंग्रजांनी मध्ये चष्मा आणला आणि कौतुकाचा ठपका झाला.

एकोणिसाव्या शतकात हा शब्दप्रयोग इंग्रजीत चांगला रुळला होता. टॉमस ह्यूज हा लेखक आपल्याकडच्या जुन्या पिढीला 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' या १८५७च्या पुस्तकामुळे ठाऊक असेल. त्याचा पुढचा भाग 'टॉम ब्राऊन अ‍ॅट ऑक्सफर्ड' १८६१ साली पुस्तकरूपाने आला. त्यात टॉमच्या मित्राचे वडील आहेत, आरमारातले जुने कॅप्टन. ऑक्सफर्ड म्हणजे त्यांना भूलोकीचा स्वर्ग. तिथले मनोरे, चौक, प्रार्थनामंदिरे हे सगळे ते गुलाबी चष्म्यातून पाहतात, असे ह्यूज थोडे हसून लिहितो. या ह्यूजची आणखी एक गोष्ट पुढे सांगायची आहे, ती लक्षात ठेवावी.

आता उपयोग. इंग्रजीत गतकाळाबद्दल तीन वाक्प्रचार फार चालतात आणि आपली मुले ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. 'ट्रिप डाऊन मेमरी लेन' म्हणजे आठवणींच्या गल्लीतून एक फेरफटका. गल्लीत जायचे आणि परत घरी यायचे. त्यात कोणाचा दोष काढलेला नसतो. 'गुड ओल्ड डेज' म्हणजे पूर्वीचे दिवस चांगले होते, असे ठासून सांगणे. आणि 'रोझ-टिंटेड ग्लासेस' म्हणजे ते सांगणाऱ्यावर दिलेला शेरा. पहिल्यात फेरफटका आहे, दुसऱ्यात दावा आहे, तिसऱ्यात निकाल आहे. शिक्षक म्हणून आणखी एक सांगतो : या तिसऱ्या वाक्प्रचाराला प्रथमपुरुष सहसा चालत नाही. चष्मा 'तुम्ही' लावलेला असतो, 'ते' लावतात. 'मी' लावला आहे असे माणूस म्हणतो ते फक्त पुढचे वाक्य 'पण' या शब्दाने सुरू करायचे असेल तर.

मराठीत याला प्रतिशब्द काय? 'जुने ते सोने' हा दावा झाला. 'गेले ते दिवस, राहिल्या त्या आठवणी' हा सुस्कारा झाला. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे तर प्रत्येक घरातले पाळलेले वाक्य. जवळात जवळची म्हण 'दुरून डोंगर साजरे'. अंतर जसे मैलांचे असते तसे वर्षांचेही असते, एवढे गृहीत धरले की ती इथे चपखल बसते. उलट बाजूने, कावीळ झालेल्याला सगळे पिवळे दिसते, असेही आपण म्हणतो. गंमत पाहा : आपल्या म्हणींत दोष कधी अंतराचा असतो, कधी आजाराचा. माणसाने स्वतः होऊन डोळ्यांवर काही चढवले आहे, असे आपण म्हणत नाही. इंग्रज मात्र म्हणतो की हा चष्मा आहे, तू घातला आहेस, तेव्हा काढ.

पण खरेच तो काढता येतो का?

नॉस्टॅल्जिया हा शब्दच मुळात वैद्यकाचा. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या तरुणाने आपल्या वैद्यकीय प्रबंधात तो घडवला. 'घरी परतणे' आणि 'वेदना' अशा अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने एकत्र जोडले. परमुलखात राहणाऱ्या आणि घराच्या ओढीने झुरून आजारी पडणाऱ्या स्विस माणसांचे दुखणे त्याला नोंदवायचे होते. स्विस शिपाई त्या काळी परक्या राजांच्या सैन्यात भाडोत्री चाकरी करत. गुराख्यांची डोंगरातली धून कानी पडली की हे शिपाई रडत, पळून जात, म्हणून ती धून वाजवायला बंदी होती, असे रूसोने आपल्या १७६८च्या संगीतकोशात लिहून ठेवले आहे. पुढे हा आजार वैद्यकाच्या पुस्तकांतून गेला आणि गोड भावना म्हणून राहिला. आपण त्याला 'स्मरणरंजन' म्हणतो. मूळ शब्दात दुखणे होते, आपल्या शब्दात रंजन आहे.

मानसशास्त्रज्ञांनीही या चष्म्याची तपासणी केली आहे. मिचेल, थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियात तीन आठवड्यांच्या सायकल सहलीला निघालेल्या लोकांना त्यांनी सहलीआधी, सहल चालू असताना आणि सहलीनंतर प्रश्न विचारले. आधी उत्साह होता, नंतर आठवण गोड होती. प्रत्यक्ष सायकल मारताना मात्र मौज त्या मानाने कमी होती. या अभ्यासकांनी त्याला नावच 'रोझी व्ह्यू' असे दिले. ज्यांनी अमरनाथची किंवा निदान कळसूबाईची यात्रा केली आहे त्यांना हे सांगायला प्रयोगशाळा नको. वाटेत आपण 'पुन्हा येणार नाही' असे म्हणतो आणि परतल्यावर चार महिन्यांनी इतरांना आग्रह करतो.

दुसरी गोष्ट अशी की पन्नाशी-साठीच्या माणसाला आयुष्यातले काय आठवते हे पाहिले, तर वयाच्या दहाव्यापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणींचा ढीग इतर काळापेक्षा मोठा निघतो. म्हणजे प्रत्येकाचे सुवर्णयुग त्याच्या जन्मतारखेवरून काढता यावे! माझ्या आजोबांचे १९१०च्या आसपासचे, वडिलांचे १९४०चे, माझे १९७०चे. आणि मला चष्म्यावरून बोलणाऱ्या या पुतण्याचे नव्वदच्या दशकातले. दूरदर्शनवरच्या जुन्या जाहिराती गटावर टाकून 'तशी मजा आता नाही' असे तोच लिहितो. आणि माझे जे सोन्याचे दशक, त्यात १९७१चे युद्ध होते, १९७२चा दुष्काळ होता, रेशनच्या रांगा होत्या, मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या होत्या. पुण्याला मामाकडे शिकत असताना मी त्या नाक मुरडत खाल्ल्या आहेत. माझ्या पत्रात त्या नव्हत्या.

आता ह्यूजची राहिलेली गोष्ट. कॅप्टनच्या गुलाबी चष्म्याला हसणाऱ्या या लेखकाने उतारवयात तोच चष्मा स्वतः लावला. १८८० साली त्याने अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या डोंगराळ भागात एक वसाहत काढली आणि तिला आपल्या बालपणीच्या शाळेचे नाव दिले : रग्बी. इंग्लंडातल्या खानदानी घरांतल्या धाकट्या मुलांनी तिथे यावे, शेती करावी, उच्चनीच भाव विसरून बंधुभावाने राहावे. टेनिस आले, नाटके आली, १८८२ साली सात हजार पुस्तकांचे सुंदर ग्रंथालय आले. पण जमीन निकस होती आणि पोरांना शेतीची सवय नव्हती. १८८१ साली विषमज्वराची साथ आली, माणसे गेली आणि दहा वर्षांच्या आत ते स्वप्न विस्कटले. ह्यूजची ऐंशी ओलांडलेली आई तिथे खरोखरच जाऊन राहिली आणि १८८७ साली तिथेच वारली. स्वतः ह्यूज मात्र रग्बीत कायमचा कधी राहिला नाही. वर्षाकाठी एक फेरी मारून इंग्लंडला परत जाई.

हे वाचले आणि मी चरकलो. आईला तिकडे नेऊन ठेवू, असे मी लिहिले होते. तिथे राहणार कोण, तर आई. मी जाणार कधी, तर गणपतीला आणि आंब्याच्या दिवसांत. आणि आईला हे कोणी विचारले होते? कोणीच नाही.

आई पुण्यात माझ्याकडे असते. तिला आता अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण झाली आहेत. हे भांडण चालू असतानाच तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, घरी आणले. पलंगावर बसल्या बसल्या ती उशीकडे बघतच राहिली.

"हा अभ्रा इतका पांढरा आहे?"

"हो, का गं?"

"आणि मी वर्षभर त्या धुणंवाल्या बाईला बोलतेय, कपडे पिवळट ठेवतेस म्हणून!"

पुढच्या तपासणीत मी हे डॉक्टरांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "आजी, डोळ्याच्या आतलं भिंग वयानं पिवळं होत जातं. रोज इतकं थोडं थोडं की आपल्याला कळत नाही. आता निळा रंगसुद्धा तुम्हाला जास्त निळा दिसेल." मोने या फ्रेंच चित्रकाराचे असेच झाले होते, हे मला आठवले. मोतीबिंदू वाढला तशी त्याची चित्रे तांबूस, तपकिरी होत गेली. १९२३ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. मग डॉक्टरांनी आईला विचारले, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?" आई म्हणाली, "चोवीस." त्यांनी नुसती मान हलवली. चुलीच्या धुराचा बायकांच्या मोतीबिंदूशी संबंध असल्याचे संशोधनांत दिसून आले आहे, हे मी नंतर वाचले.

मला वाटते, इंग्रजी वाक्प्रचारात एवढेच कमी आहे. आपल्या गतकाळाला लागतो तो चष्मा नव्हे, ते आतले भिंग. ते कोणी मुद्दाम चढवत नाही, म्हणून पुतण्याने 'काढा' म्हटले की राग येतो. आणि भिंग पिवळे झाले की दोष जातो धुणंवाल्या बाईकडे. आजची मुले बेपर्वा, आजच्या सुनांना स्वयंपाक नको, आजच्या भाज्यांना चव नाही. आपले भिंग तपासायचे राहून जाते आणि बोलणी दुसराच खातो.

त्या संध्याकाळी मी आईला माझे पत्र वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"छान लिहिलंयस. पण हे घर कुणाचं?"

"म्हणजे? आपलंच!"

"मला नाही असं घर आठवत," ती म्हणाली. आणि मग, कसलाही सूर न लावता, बाजाराचा हिशेब द्यावा तसे ती एकेक सांगत गेली. "रहाटाचा आवाज तू झोपेत ऐकायचास. तो ओढत मी होते. पहाटे चारला. गुरांना धरून तीस-चाळीस कळशा व्हायच्या. पंधरा पोरं ओटीवर झोपायची ती तुला दिसली, मला पंधरा पोरांच्या भाकऱ्या दिसतात. ओटीवर मी कधी बसले नाही हो, ती पुरुषांची जागा. चुलीवरच्या भाताची चव तुला आठवते. मला श्रावणातली ओली लाकडं आठवतात आणि फुंकणी."

मी म्हटले, "आणि आत्याचं सार?"

"सार करायची खरं. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून आलवण नेसून चुलीशी होती ती. सारात आमसूल किती घालायचं ते तिला विचारायला सगळे यायचे. तिला काय हवं, ते विचारायला कोणी गेलं नाही. मीसुद्धा नाही."

मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "पहिला पाऊस लिहिलायस. तुझ्या पाठची तीन महिन्यांची होती, तिला जुलाब झाले तेव्हा पाऊसच होता. खाडीला पाणी, तर बंद. दापोलीला न्यायला दोन दिवस वाट बघितली. तुझ्या कागदात पाऊस आहे, ती नाही."

मला एक बहीण होती हे मला माहीत होते. पण माहीत असणे आणि आठवणे यांत फरक आहे. मी चार वर्षांचा होतो. माझ्या भिंगातून ती कधीच गळून गेली होती.

आईने सांगितलेल्यात मी माझी एक भर घालतो, कारण ती तिने सांगितली नाही. आमच्या बागेत राबणाऱ्या गड्याला चहा करवंटीत ओतून दिला जाई, वरून, हात न लावता. ती करवंटी पडवीच्या वळचणीला खोचलेली असे. माझ्या डोळ्यांसमोर ती आजही स्वच्छ दिसते. काजूबियांबद्दल मी चार ओळी लिहिल्या. करवंटीबद्दल एक अक्षर लिहिले नाही.

एका घराचे हे चित्र, तसेच देशाचे. १९५१च्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते; आज ते सत्तरच्या घरात आहे. त्या जनगणनेत साक्षर स्त्रिया शंभरात नऊही नव्हत्या. साठच्या दशकात जन्मलेल्या हजार मुलांतली दीडशेच्या आसपास वर्षाच्या आत जात; आज हा आकडा तीसच्या खाली आहे. आकडे कोरडे असतात खरे. पण त्या दीडशेंतली एक आमच्या घरातली होती, हे कळल्यावर तो आकडा मला कोरडा वाटत नाही.

मग काय, आठवणी काढूच नयेत? तसे मी म्हणणार नाही. इंग्लंडातल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात सेडिकिडीस आणि विल्डशुट या मानसशास्त्रज्ञांनी गेली वीस वर्षे याच विषयाचा अभ्यास केला आहे. गतकाळाच्या आठवणींत रमल्याने एकटेपणा कमी होतो, आपली माणसे आहेत असा धीर येतो, असे त्यांना आढळले. होफरने ज्याला आजार म्हटले ते बऱ्याचदा औषधाचेही काम करते. साठीनंतर एकेक दोस्त गळायला लागला की हे औषध किती लागते ते मी जाणतो.

शिवाय हा वाक्प्रचार काठीसारखाही वापरला जातो, तेही बरोबर नाही. माझे मामा मुठेच्या पाण्यात पोहत, असे ते सांगत. आज पुण्याच्या पुलावरून खाली पाहिले तर त्या पाण्यात कोणी पायही घालणार नाही. नदी स्वच्छ होती असे सांगणाऱ्या म्हाताऱ्याला 'तुम्ही गुलाबी चष्मा लावलाय' म्हणणे सोपे आहे, पण तो चष्मा नव्हे. ती साक्ष आहे. एखादी आठवण गोड आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. तेव्हा निकाल देण्याआधी चौकशी करावी, एवढेच.

चौकशी कशी करावी? मला तीन साधे प्रश्न सुचतात. 'आमच्या वेळी' असे वाक्य तोंडात आले की ते स्वतःला विचारावेत. त्या चित्रात पाणी कोण भरत होते? उंबऱ्याबाहेर कोण उभे होते? आणि त्या वेळी घरात असलेले कोण आज चित्रात नाही? तिन्हींची उत्तरे देऊनही जे गोड उरेल ते खरे सोने. ते खुशाल मुलांना सांगावे. ज्याची उत्तरे देता येत नाहीत त्याचा संसार दुसऱ्याला करायला लावू नये. कारण आठवणीत रमणे वेगळे आणि त्या आठवणीचा कार्यक्रम करणे वेगळे. ह्यूज रमला तोवर त्याने चांगली पुस्तके लिहिली. कार्यक्रम केला तेव्हा दुसऱ्यांची पोरे निकस जमिनीत राबली. एकत्र कुटुंबाच्या आठवणीने माझ्यासारख्याचे डोळे भरून यावेत, हरकत नाही. पण त्या जोरावर नोकरी करून सातला घरी येणाऱ्या सुनेला आपण 'पूर्वीच्या बायका' ऐकवू लागलो की ती गुलाबी काच दुसऱ्याच्या हाताला कापते.

आमचे घर मागणारे मुंबईचे गृहस्थ तिथे पर्यटकांची सोय करणार आहेत. अस्सल कोकणी घर, शेणाने सारवलेले अंगण, चुलीवरचे जेवण. महामार्गावर हल्ली 'चुलीवरचे' असे लिहिलेली पाटी दर चार मैलांवर दिसते. आईला हे सांगितले तर तिने एवढेच विचारले, "आणि फुंकायला कोण बसणार?"

घराचे अजून पक्के ठरलेले नाही. पण आईला तिकडे नेऊन ठेवण्याची गोष्ट मी मागे घेतली. ती स्पष्टच म्हणाली, "इथे नळ आहे, गॅस आहे, खाली दवाखाना आहे, समोरच्या बाई रोज येऊन बसतात. मला वनवासाला कशाला धाडतोस?" मग जरा हसून म्हणाली, "एक मात्र आठवतं. सगळी निजली की मी आणि वन्सं परसात बसायचो. चांदणं असलं तर. कैरी, मीठ, आणि बोलायला कोणी नाही मध्ये. तेवढं चांगलं होतं हो." तेवढ्यात तिचे सोने होते. माझ्या चार पानांत ते कुठेच नव्हते, कारण त्या वेळी मी झोपलेला असे.

मी पुतण्याला उत्तर पाठवले. वाक्यात उपयोग केला, तोही प्रथमपुरुषात आणि पुढे 'पण' न जोडता : मी गुलाबी चष्म्यातून पाहत होतो. त्याने अंगठा पाठवला. सध्या एवढे ठरले आहे की विहिरीवर पंप बसवायचा, स्वयंपाकघरात नळ आणि घरातच संडास-न्हाणी करायची, मग विकायचे की ठेवायचे ते बघू. मार्गशीर्षात चार दिवस सगळ्यांनी तिथे जमायचे आहे. आई यायला तयार आहे. तिची अट एकच आहे.

"माझी खुर्ची ओटीवर टाका," ती म्हणाली.